चालू / बंद (नको ते खोडा)

आमच्या ऑफिसात गेली सव्वीस वर्षं मी एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगतोय, की फॉर्मवर ‘नको ते खोडा’ असं छापू नका, ‘लागू नसेल ते खोडा’ असं छापा. ‘नको’ हा मनाचा मामला झाला. माणसाला काय नको असं एकदा छापील विचारलंत की तो बिचारा खरं सांगायला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. साहेबांनी दर वेळी मान डोलावली, मुद्दा चांगला आहे म्हणाले, आणि पुढच्या वर्षीचे फॉर्म जसेच्या तसे छापून आले. शेवटी त्या तीन शब्दांनी गळा धरला तो साहेबांचा नाही, माझा.

मी आवक-जावक विभागाचा प्रमुख. आमच्या बिल्डिंगमध्ये मला कुणी नावाने ओळखत नाही, ‘फॉर्मवाले’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. कुणाचा शाळाप्रवेश असो, वीजजोडणी असो, पेन्शन असो, संध्याकाळी चहाच्या वेळी माणूस कागद घेऊन आमच्या दारात हजर. मी चष्मा पुसतो, पेनाचं टोपण काढतो आणि आधी पाच मिनिटं त्याला बोलतो, की इतका सोपा फॉर्म तुम्हाला भरता येत नाही म्हणजे कमाल आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे नेमकी हीच पाच मिनिटं मला सगळ्यांनी एकेक करून परत केली.

आता गाडीकडे येतो. गाडी आमच्या सासऱ्यांची. त्यांना सगळे बाबा म्हणतात, मीही. बाबांनी त्या पिकअप गाडीतून चाळीस वर्षं काचा वाहिल्या. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. मागच्या हौद्यात काचा उभ्या लावायची तिरकी लाकडी चौकट अजून शाबूत आहे. चाळीस वर्षांत त्यांनी एक काच फुटू दिली नाही असं माझी बायको सांगते. विशेषतः माझ्या हातून कप फुटला की सांगते.

अकरा वर्षांपूर्वी धंदा गुंडाळून बाबा आमच्याकडे कायमचे राहायला आले ते त्याच गाडीतून, एक ट्रंक आणि एक उशी घेऊन. आवारात भिंतीच्या कडेला त्यांनी गाडी लावली. येताना ती ठणठणीत होती. त्याच संध्याकाळी मी बायकोला म्हणालोसुद्धा, चालू आहे तोवर विकून टाकू, असल्या जुन्या गाड्या शौकीन लोक हौसेने घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. तेव्हापासून ती हललेली नाही. बाबांचे कानही साधारण त्याच दिवसांत गेले. वय झालं की एकेक गोष्ट जायचीच, म्हणून आम्ही दोन्हींची फारशी चौकशी केली नाही.

बाबांना ऐकू येत नाही याचा मला तर आधारच झाला. बायकोपुढे काही बोलायची सोय नाही, ती उत्तर देते. बाबांसमोर मात्र आमचे साहेब, सोसायटी, बायकोचं माहेर आणि खुद्द बाबा, कुठल्याही विषयावर मोकळेपणाने बोलता येतं. ते आपले नाकावर चष्मा आणि शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी घेऊन पेपर वाचत बसतात. चष्मा झोपेपर्यंत उतरत नाही, मग डबी दिवसभर कशाला बाळगतात देव जाणे. अकरा वर्षांत मी त्यांच्याजवळ जेवढं बोललोय तेवढं बायकोशी लग्न झाल्यापासून बोललो नसेन.

दोन वर्षांपूर्वी बाबा मोठ्या आजारातून उठले. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांनी रोज स्वतःच्या पायांनी जिना उतरला पाहिजे, पलंग धरला तर मग काही खरं नाही. आम्ही बागेत नेऊन पाहिलं, गच्चीत खुर्ची टाकून पाहिली. माणूस आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला. मग एका सकाळी आपणहून उठले, दोन मजले उतरले आणि त्या बंद गाडीत जाऊन पेपर वाचत बसले. तेव्हापासून रोज सात ते नऊ. मी पावणेनऊला ऑफिसला निघालो की पेपराच्या वरून एक हात वर होतो. आमचं बोलणं म्हणायचं तर तेवढंच.

आणि अशात सेक्रेटरींची नोटीस लागली. ‘आवारातील सर्व बंद वाहने महिनाअखेर हलवावीत, अन्यथा भंगारात देण्यात येतील.’ सर्व म्हणजे किती, तर एक. सेक्रेटरींनी नवी पांढरी मोटार घेतली होती आणि ती दिवसभर उन्हात उभी राहते याचा त्यांच्या जिवाला फार घोर लागला होता. सावली नेमकी आमच्या गाडीवर पडायची.

‘गाडी हलली ना, तर बाबा पुन्हा पलंग धरतील,’ बायको म्हणाली. ‘तुम्ही फॉर्मवाले ना? मग काढा काहीतरी कागद.’

मी काढला. सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ज्यावर एकही फॉर्म नाही असं संकट जगात नाही. वाहन कार्यालयात ‘नमुना अकरा’ नावाचा अर्ज मिळतो. बंद पडलेलं वाहन खाजगी आवारात कायमचं उभं ठेवायची परवानगी. एकदा शिक्का पडला की सेक्रेटरींचे पणजोबा उठून आले तरी गाडीला हात लावू शकत नाहीत. अट एकच, गाडी बंद पाहिजे. आणि ती तर अकरा वर्षं इमानेइतबारे बंद होती.

फॉर्म मी घरीच भरला. सहा रकाने झाले. सातवा होता, ‘वाहन चालू / बंद (नको ते खोडा)’. त्या घटकेला नेमकं काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. बायको समोर भाजी निवडत होती आणि तिचं नेहमीचं चाललं होतं. ‘या घरात काय काय बंद आहे बघा एकदा. दारावरची घंटी बंद. भिंतीवरचं घड्याळ बंद. बाथरूमचा दिवा बंद. खाली गाडी बंद. मला हे बंद बंद आता नको झालंय.’ मला तिचं पटलं. तिचं मला सहसा पटत नाही, पण त्या दिवशी पटलं. हातात पेन होतं, समोर ‘नको ते खोडा’ होतं, आणि मी ‘बंद’ या शब्दावर पट्टी धरून एक सुरेख सरळ रेघ मारली.

वाहन कार्यालयातल्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला, शिक्का मारला, पोच दिली. ‘एकवीस दिवसांनी सकाळी दहाला तपासनीस येतील. गाडी चालू करून दाखवा.’

‘चालू कशी करू? गाडी बंद आहे.’

‘तुम्ही चालू लिहिलंय.’

‘मी काहीही लिहिलेलं नाही बाई. मी खोडलंय.’

‘मी तेच म्हणतेय. तुम्ही बंद खोडलंय. मग राहिलं काय?’

मी काचेतून डोकावून पाहिलं. जे राहिलं होतं ते स्पष्ट दिसत होतं. मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, ‘नजरचूक झाली. द्या इकडे, दुरुस्त करतो.’

‘खाडाखोड चालत नाही.’

‘अहो, तुमचा फॉर्मच म्हणतोय खोडा म्हणून.’

‘एकदा. दुसऱ्यांदा केलीत की ती खाडाखोड. दुरुस्तीसाठी नमुना बारा आहे, पण तो तपासणी झाल्यावर मिळतो. चूक आहे की नाही ते तपासल्याशिवाय कळणार कसं?’

‘आणि तपासणीत गाडी चालू झाली नाही तर?’

‘मग खोटं निवेदन. आमचा ट्रक येतो आणि त्याच दिवशी गाडी उचलून नेतो.’ माझा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुम्ही भरण्याआधी कुणा जाणकाराला दाखवायचा होतात.’

बातमी संध्याकाळच्या चहाच्या आत चारही मजल्यांवर पोचली. ज्यांचे ज्यांचे फॉर्म मी भरून दिले होते ते सगळे एकेक करून येऊन गेले. इतका सोपा फॉर्म, म्हणत होते. सेक्रेटरी तर खास वर आले आणि ‘एखादवेळेस होतं असं’ म्हणाले. हे वाक्य मी त्यांना आयुष्यात माफ करणार नाही.

एकवीस दिवसांत गाडी चालू करणं एवढाच मार्ग उरला. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर पूलसाहेब राहतात. पूल बांधायच्या खात्यातून निवृत्त झालेत, आणि अजूनही कुठल्या पुलावरून गेलं की त्याच्या कठड्याला थोपटतात. ते शर्टाच्या बाह्या सरसावूनच खाली आले.

‘इंजिन म्हणजे काय हो? हवा, इंधन आणि ठिणगी. तीन गोष्टी. त्यात भिण्यासारखं काय आहे?’

पूल दोन बाजूंनी उभा असतो आणि तो चालू करावा लागत नाही, हे मी मनात म्हणालो. उघड म्हणायला हवं होतं.

पहिल्या रविवारी बॉनेट उघडायला गेलो तर उघडायचा खटका माझ्या हातात आला आणि बॉनेट जागच्या जागी. पूलसाहेबांनी फटीत पहार घातली, मी जोर लावला, आणि झाकण उघडलं तेव्हा आत उंदरांचं भलंमोठं घरटं. ते सगळं सोसायटीच्या नोटिशींचं केलेलं होतं. गेल्या आठ-नऊ वर्षांतली पाणीकपात, जिन्यात चपला ठेवू नयेत, वार्षिक सभा, सगळं तिथे बारीक कातरून ठेवलेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरींच्या नोटिशींचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केलेला नाही.

मग मेकॅनिक आणला. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक. त्याला आमच्याकडे ‘होऊन जाईल’ म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला तो हेच उत्तर देतो. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारली, टायरमधून माती पडली.

‘चालू होईल का?’

‘होऊन जाईल.’

‘एकवीस दिवसांत? म्हणजे आता अठराच.’

‘होऊन जाईल. पण मालकांना जरा उतरायला सांगा.’

बाबा आत पेपर वाचत होते. मी दारावर थापा मारल्या, खुणा केल्या, ओरडलो. बाबांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, हात वर केला आणि पुढची बातमी वाचायला घेतली. शेवटी ते आत असतानाच काम करायचं ठरलं. गाडी जॅकवर चढली तेव्हा बाबा तिच्यासकट चढले.

मेकॅनिक म्हणाला पेट्रोलची टाकी आतून गंजलीय, साफ करावी लागेल, मी नेतो. पूलसाहेब म्हणाले नेतोस कशाला, आत खडे टाकायचे, थोडं रॉकेल टाकायचं आणि हलवायची, गंज झडून जातो. सोपी गोष्ट. मी बरोबर वीस खडे मोजून टाकले, कारण मला मोजल्याशिवाय काही करता येत नाही. एका बाजूने पूलसाहेब, दुसऱ्या बाजूने मी, अशी आम्ही ती टाकी आवारात पाऊण तास घुसळली. मी ऑफिसच्या पँटीत होतो. आवाज असा की चौथ्या मजल्यावरचं तान्हं मूल जागं झालं ते संध्याकाळपर्यंत झोपलं नाही. गंज निघाला. खडे मात्र सतराच निघाले. टाकी उपडी केली, आडवी केली, तिच्यावर पूलसाहेब बसले, तरी तीन खडे आतच. गाडी हलली की ते आत खुळखुळायचे.

‘इंजिनाला काही होत नाही त्याने,’ पूलसाहेब म्हणाले. ‘उलट टाकी आतून साफ राहते.’

दुसऱ्या रविवारी नवी बॅटरी बसवली. सकाळी आठची वेळ, बाबा आत. मेकॅनिकने वायर जोडली आणि रेंच आणायला गॅरेजमध्ये गेला. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच हॉर्न सुरू झाला. अकरा वर्षं गप्प बसलेला हॉर्न. तो थांबेचना. मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या, पूलसाहेबांनी कुठलीशी वायर ओढली तर त्या हॉर्नच्या जोडीला दिवे लागले. एकेका गॅलरीत माणसं आली. सेक्रेटरी अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत खाली आले आणि माझ्या कानाशी काहीतरी ओरडून बोलले. ते सभ्य नव्हतं एवढंच मला कळलं. त्या गदारोळात एकटे बाबा काय ते शांत होते. त्यांनी फक्त मफलर दोन्ही कानांवर ओढून घट्ट बांधला आणि वाचत राहिले. मला तेव्हा एवढंच वाटलं, की आपल्याला घाम फुटलाय आणि यांना थंडी वाजतेय, खरंच म्हातारपण वाईट.

मेकॅनिक दहा मिनिटांनी आला आणि बॅटरीची वायर एका हाताने काढून टाकली. इतकं सोपं होतं हे मला सांगून जायला त्याचं काय जात होतं?

पंधराव्या दिवसापर्यंत टायर झाले, टाकी झाली, प्लग झाले, ब्रेक झाले. मला कधी नव्हे ते बरं वाटायला लागलं होतं. सोळाव्या दिवशी मेकॅनिकने प्लगांना करंट वाटणारी ती वाटीएवढी काळी टोपी उघडली, आत बघितलं आणि पहिल्यांदाच ‘होऊन जाईल’ म्हणाला नाही.

‘रोटर नाही,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘अंगठ्याएवढा तुकडा असतो. हा आत फिरतो म्हणून करंट पोचतो. हा नाही तर काही नाही.’

‘पडला असेल.’

‘पडत नाही तो. काढावा लागतो. कुणीतरी अलगद काढलाय. तुमच्या बाबांना विचारा.’

मी गाडीच्या खिडकीत तोंड घातलं आणि बाबांच्या कानाशी ओरडलो, ‘बाबा, रोटर! रोटर कुठे गेला?’

‘मोटर? ही काय.’

‘मोटर नाही, रोटर. र. रोटर.’

‘चांगली होती,’ बाबा म्हणाले. ‘फार चांगली मोटर होती.’ आणि पान उलटलं.

मी सरळ होत मेकॅनिकला म्हणालो, ‘यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे. भिंत निदान पेपर वाचत नाही.’ बाबांच्या समोरच म्हणालो. नेहमी म्हणायचो तसंच.

ही गाडी बनायची बंद झाली तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं, मग तिचा रोटर कुठून मिळणार. मी ऑफिसात तीन अर्ध्या रजा टाकल्या. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना, तेव्हा ‘घरगुती रोटर’ असं लिहिलं गेलं आणि साहेबांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. जुन्या बाजारातल्या एका भंगारवाल्याने छातीठोकपणे मला जो तुकडा दिला तो कपडे धुवायच्या मशीनचा निघाला. दुसऱ्याने दिलेला गाडीचाच होता, पण कुठल्या तरी दुसऱ्याच. लेथवाल्याकडे नेऊन तो घासून घेतला. बसला, पण जरा तिरका बसला.

‘चालेल?’ मी विचारलं.

‘बघू,’ मेकॅनिक म्हणाला. त्याच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तो विसावा दिवस. दुपारी चारची वेळ, बाबा वर झोपलेले. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि मग मागच्या नळीतून असा बार उडाला की आवारातली झाडून सगळी पाखरं उठली. सायलेन्सर निखळून फाटकापर्यंत गेला. त्याच्यामागून काजळीचा जो ढग निघाला तो वाऱ्याबरोबर सावकाश तरंगत गेला आणि सेक्रेटरींच्या नव्या पांढऱ्या मोटारीवर बसला. सेक्रेटरी तिच्याशेजारी फडकं घेऊन उभे होते. त्यांनी आधी मोटारीकडे पाहिलं, मग फडक्याकडे, मग माझ्याकडे.

‘उद्या दहाला ना?’ ते म्हणाले. ‘मी हजर राहीन.’

मेकॅनिकने सायलेन्सर तारेने बांधून दिला आणि तो तिरका तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. पूलसाहेबसुद्धा गप्प होते. पूल बांधणाऱ्या माणसाने गप्प बसावं म्हणजे आशा संपली असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हॉलमध्ये खुर्चीवर बसून मोजे घालत होते. त्यांना एका मोज्याला पाच मिनिटं लागतात आणि मदत केलेली चालत नाही. बायको चहा घेऊन आली. मी कप घेतला आणि तसाच धरून बसलो.

‘मी आज सरळ सांगून टाकणार,’ मी म्हणालो. ‘चूक माझी आहे, गाडी बंद आहे, न्यायची तर न्या.’

‘आणि बाबा?’

‘तेच तर आहे सगळं. गाडी गेली खड्ड्यात. मला काय करायचंय तिचं, मी तर आल्या दिवशीच विकायला निघालो होतो. पण रोज पावणेनऊला तो हात वर होतो ना, त्याची मला सवय झालीय. ऑफिसात दिवसभर माझ्यासाठी कुणी हात वर करत नाही. बाबा परत भिंतीकडे तोंड करून पडले तर मला नाही ते बघवणार. आणि तेही माझ्या एका रेघेपायी. मला इतकी लाज वाटतेय, की ते ऐकू शकत असते तरी त्यांना हे सांगायची हिंमत झाली नसती.’

बायको पदराने डोळे पुसून आत गेली. बाबांनी दुसरा मोजा चढवला, बूट घातले, पेपर काखेत मारला आणि जिना उतरायला लागले. कठड्याला धरून, एकेक पायरी. मला त्यांच्याकडे बघवेना.

तपासनीस बरोबर दहाला आले. किडकिडीत गृहस्थ, बगलेत फाइल. फाटकाबाहेर त्यांचा उचलायचा ट्रक उभा. आवारात सेक्रेटरी, पूलसाहेब, मेकॅनिक, माझी बायको, आणि गॅलऱ्यांमधून ज्यांचे मी फॉर्म भरले ती सगळी मंडळी. बाबा एरवी नऊला वर जातात, पण आज ते अजून गाडीतच होते.

‘नमुना अकरा,’ तपासनीस म्हणाले. ‘वाहन चालू. बरोबर?’

‘साहेब, त्याचं असं आहे,’ मी सुरुवात केली. घसा साफ केला. ‘रकाना सातमध्ये माझ्याकडून—’

बॉनेट करकरलं. बघतो तर बाबा गाडीतून उतरून पुढे उभे होते आणि बॉनेट उघडलेलं होतं. त्यांनी करंटची ती टोपी काढली. शर्टाच्या खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा तर नाकावर होता. डबीतून मऊ फडक्याची पुरचुंडी निघाली आणि पुरचुंडीतून अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. बाबांनी त्याला शर्टाच्या बाहीने पुसलं, आत ठेवून दाबलं, टोपी लावली, बॉनेट बंद केलं आणि सावकाश जाऊन गाडीत बसले. पायाने दोनदा पेट्रोल दिलं. किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली.

एकदा गुरगुरली, एकदा थरथरली आणि मग एका लयीत चालायला लागली. टाकीतले तीन खडे खुळखुळत होते. सेक्रेटरी उडी मारून आपल्या मोटारीपुढे हात पसरून उभे राहिले, पण काजळीचा कणही उडाला नाही. बाबांनी आवारात एक पूर्ण फेरी मारली. इतकी हळू, की मागे हौद्यात काचा उभ्या आहेत असं वाटावं. मग गाडी पुन्हा भिंतीकडेला आपल्या जागी आणून लावली आणि इंजिन बंद केलं. बायको रडत होती आणि हसत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट दिसत नव्हतं.

‘चालू,’ तपासनीस म्हणाले आणि शिक्का मारला. ‘मग तुम्हाला परवानगीची गरजच नाही. ही बंद वाहनांसाठी असते. अर्ज निकाली.’ त्यांनी नोटिशीवरून नजर फिरवली. ‘आणि तुमची नोटीसही बंद वाहनांसाठीच आहे, सेक्रेटरीसाहेब.’ ट्रक रिकामा परत गेला. सेक्रेटरी फडकं घेऊन उन्हात आपली मोटार पुसायला लागले.

मेकॅनिक अजून जागचा हलला नव्हता. तो दहा पावलांवरून, आपल्या रोजच्या आवाजात, म्हणाला, ‘मालक, अकरा वर्षं खिशातच होता?’

‘चालू वस्तू दिसली की लोक विकायला काढतात,’ बाबा म्हणाले. ‘बंद वस्तूला कुणी हात लावत नाही.’

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो. मेकॅनिक ओरडला नव्हता. बाबांच्या कानाशीही गेला नव्हता. मग मला विकायचं ते वाक्य आठवलं. मग कानांवर ओढलेला मफलर आठवला. मग मोजे. मग अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर काय काय बोललो ते आठवायला लागलं. त्यांच्या घोरण्यावर, त्यांच्या मुलाच्या कंजूषपणावर, त्यांच्या लेकीच्या हातच्या आमटीवर, भिंतीवर. मला दरदरून घाम फुटला. आठवणी संपेचनात.

बाबा परत गाडीत बसले होते. पेपर उघडला होता. मी बायकोला बाजूला ओढलं, पाठ फिरवली आणि तिच्या कानात, अगदी ओठांतल्या ओठांत म्हणालो, ‘अगं, तुझे बाबा फार चालू आहेत.’

पेपर खाली आला नाही. पेपराच्या वरून तेवढा एक हात वर झाला.

‘मग बंद खोडा, जावईबापू,’ आतून आवाज आला.